स्लाइड पुसली, परत स्कॅन केली, तरी डाग तिथेच!

तक्रार साधारण अशी असते. माळ्यावरून वडिलांच्या स्लाइड्सचा, म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायच्या फिल्मवरच्या फोटोंचा, डबा खाली काढला, स्कॅनर विकत घेतला किंवा कुणाचा तरी मागून आणला, हौसेने स्कॅन केलं आणि स्क्रीनवर बघतो तर आकाशभर करडे ठिपके, चेहऱ्यांवर बारीक जाळी, मध्येच एखादं सप्तरंगी वर्तुळ. स्लाइड पुसून परत स्कॅन केली, डाग तिथेच. सॉफ्टवेअरला धूळ काढायला सांगितली, तर डाग थोडे पुसट झाले आणि त्यांच्याबरोबर आजोबांच्या चष्म्याची काडीही गेली. कसंबसं निभावलं म्हणावं, तर पुढच्या वर्षी गणपतीनंतर तोच डबा उघडल्यावर धड असलेल्या स्लाइड्सवरही नवे डाग.

सगळ्याच डागांना धूळ समजलं की हा घोळ होतो. डाग फिल्मवर असतो, फिल्मच्या पोटात असतो, स्कॅनरच्या काचेवर असतो, किंवा मुळात कुठेच नसतो, दोन पृष्ठभागांमधल्या प्रकाशाची ती करामत असते. चौघांवरचे उपाय वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काही वेळा स्लाइड कायमची हातची जाते. तेव्हा फडकं उचलण्याआधी डाग राहतो कुठे ते शोधा.

आधी स्लाइड फिरवून बघा

एकच स्लाइड दोनदा स्कॅन करा. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा होल्डरच्या (स्लाइड धरणाऱ्या चौकटीच्या) त्याच खणात १८० अंश फिरवून, म्हणजे डोकं खाली, पाय वर. समजा पहिल्या स्कॅनमध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यात, मावशीच्या अंबाड्याशेजारी डाग होता. दुसऱ्या स्कॅनमध्ये मावशी खालच्या उजव्या कोपऱ्यात सरकली आणि डागही तिच्या मागोमाग आला, तर तो स्लाइडचा. मावशी सरकली पण डाग वरच्या डाव्या कोपऱ्यातच बसून राहिला, तर दोष मशीनचा. अशा वेळी स्लाइडला उगाच हात लावू नका. प्रत्येक पुसण्यात थोडा धोका असतोच.

फिल्म स्कॅन करणाऱ्या फ्लॅटबेडला, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरला, काचा दोन असतात हे बरेच जण विसरतात. एक खालची, समोर दिसणारी. दुसरी झाकणात, दिव्याखाली. दोन्ही पुसायच्या. फवारा थेट काचेवर मारायचा नाही, द्रव कडेने आत उतरतो. मायक्रोफायबरच्या फडक्यावर दोन थेंब पुरे. खालच्या काचेला आतल्या बाजूने धुरकट थर धरला असेल तर बाहेरून कितीही घासून काही होणार नाही. तिथे मशीन उघडणारा जाणकारच हवा.

डाग ठिपक्यासारखा नसून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ असेल, तर गुन्हेगार हमखास धुळीचा एकच कण असतो. फिल्म होल्डरच्या वरच्या टोकाला एक रिकामी खाच असते. स्कॅन सुरू करण्याआधी मशीन तिथला प्रकाश मोजून घेतं. त्या जागी कण बसला असेल तर त्याची रेघ चित्रभर उतरते. बरेच जण चित्राखालची काच चकाचक करतात आणि ही खाच तशीच सोडतात. फोटोंची चळत आपोआप आत ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये तर हा रोजचाच प्रकार आहे. आत काचेची अरुंद पट्टी असते, फोटो तिच्यावरून सरकतो आणि कण जागचा हलत नाही, त्यामुळे सगळ्या फोटोंवर नेमकी एकाच जागी रेघ. दुकानातून स्कॅन करून घेणार असाल तर पहिले दहावीस फोटो तिथेच उभं राहून, स्क्रीनवर मोठे करून बघा. घरी येऊन आठवड्याने सांगितलं तर कुणी ऐकून घेत नाही.

भिंग आणि ट्यूबलाइट

डाग स्लाइडचाच निघाला तर पुढचं काम डोळ्यांचं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मुंबईत फोर्टात बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांत चौकशी करा, नाहीतर घड्याळजीचं भिंगही चालतं. स्लाइड ट्यूबलाइटखाली तिरपी धरा, ट्यूबचं प्रतिबिंब फिल्मवरून सावकाश सरकेल अशी. आरपार बघायचं नाही, चित्र विसरून नुसता पृष्ठभाग बघायचा. एक बाजू चकचकीत दिसेल, तो फिल्मचा पाया. दुसरी जरा मंद, ती इमल्शनची. चित्र तिच्यात आहे.

धुळीचा कण पृष्ठभागावर उभा असतो, भिंगातून त्याची उंचीसुद्धा जाणवते, आणि रबरी ब्लोअरच्या दोन फटकाऱ्यांत तो उडतो. ओरखडा एका ठरावीक कोनात लखकन चमकतो आणि स्लाइड जरा हलवली की गडप होतो. बुरशी मात्र एकदा पाहिली की पुन्हा ओळखायला चुकत नाही. मध्ये एक टिंब, त्यातून चारी बाजूंना फाटे, फाट्यांना आणखी फाटे, कडेकडेला इतके बारीक की भिंगातही हरवतात. इमल्शनच्या बाजूने बघितलं तर त्या फाट्यांखालची चमक गेलेली दिसते, काही ठिकाणी तर रंगच गायब. ब्लोअरने यातलं काही हलत नाही. आणि हो, ब्लोअर नाही म्हणून तोंडाने फुंकर मारू नका. फुंकरीबरोबर थुंकीचे शिंतोडे जातात.

बुरशी असेल तर पाणी अजिबात नको

मुंबईतल्या डब्यांत सगळ्यात जास्त उपद्रव हिचाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या थरात धरलेलं असतं. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेलं प्रथिन, बुरशीचं आवडतं खाद्य. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी रुजते. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या पुढे सहज जाते आणि आठवडेच्या आठवडे तिथेच ठाण मांडते. पापड सादळतात, कपाटातल्या चामडी चपलांना पांढरं येतं, तिथे स्लाइड्स कशा सुटतील?

बुरशी वाढताना जिलेटिन पचवते, आणि तिने पचवलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. सगळं घोडं पेंड खातं ते इथे. घरात कुणीतरी, बहुधा आत्याच, म्हणते, "अरे, जरा ओल्या फडक्याने पूस की, सगळं निघेल." अगं आत्या, सगळंच निघेल! बुरशीबरोबर तिच्याखालचं चित्रही फडक्यावर येईल. साबणाचं पाणी, चष्मा पुसायचं लिक्विड, सॅनिटायझर, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, या सगळ्यांत कमीजास्त पाणी असतं. यातलं काही वापरू नका.

लागतं ते ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. सर्किट बोर्ड साफ करायला ते वापरतात, त्यामुळे लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. बाटलीचं झाकण उघडं ठेवू नका, कारण ते हवेतली ओल ओढून घेतं आणि मग ९९ टक्के फक्त लेबलवर उरतं. खिडकी उघडी ठेवा, मास्क आणि हातमोजे घाला, कारण कोरड्या बुरशीची पूड नाकात गेलेली बरी नव्हे. देवापुढचा दिवा शांत झाल्यावरच बाटली उघडा. हे द्रव पटकन पेट घेतं.

फिल्म पुठ्ठ्याच्या माउंटमधून, म्हणजे तिच्या चौकटीतून, बाहेर काढून पुसायची. तशीच पुसली तर अल्कोहोल पुठ्ठ्यात मुरतं, तिथला मळ सोडवतं आणि कडेने फिल्मवर नवा डाग आणून ठेवतं. माउंटवर काही लिहिलेलं असेल, कोडॅकच्या पुठ्ठ्यावर फिल्म धुतल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असेल, तर काढण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. मग पहिला प्रयोग नको असलेल्या स्लाइडवर. अशी एकतरी प्रत्येक डब्यात असतेच, बहुतेक वेळा विमानाच्या खिडकीतून काढलेले ढग. धागे न सोडणारं मऊ कापड घ्या, चकचकीत बाजूपासून सुरुवात करा, एकाच दिशेने, दाब न देता, आणि दर हाताला कापडाची नवी घडी. इमल्शनच्या बाजूला रंग कापडावर उतरताना दिसला की तिथेच थांबा. मग ती स्लाइड आहे तशी स्कॅन करायची.

पुसल्यावर बुरशी जाते, पण तिने खाल्लेला चित्राचा भाग परत येत नाही. तिथे जे पांढुरकं किंवा भलत्याच रंगाचं टिंब उरतं, ते कितीदा पुसलं तरी उरणारच.

वर्तुळं का येतात

प्रोजेक्टरच्या उष्णतेने फिल्म फुगते आणि फोकस हलतो, म्हणून चोखंदळ मंडळी स्लाइड दोन पातळ काचांमध्ये बसवत. त्या काळी हे उत्तम होतं. पण स्कॅन करताना या काचा दोन प्रकारे छळतात. फिल्म आणि काच यांच्यात हवेचा अतिशय पातळ थर उरतो, दोन पृष्ठभागांवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि रंगीत वर्तुळं उमटतात. हीच न्यूटनची वर्तुळं. ती ना फिल्मवर असतात ना काचेवर, त्यामुळे पुसून जाण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरा त्रास असा की दोन काचांमध्ये एकदा कोंडलेली ओल बाहेर पडत नाही आणि बुरशीला बंद खोली मिळते.

दोन्हींवर इलाज एकच: काचेचं माउंट उघडा, फिल्म काढा, बिनकाचेच्या प्लॅस्टिक माउंटमध्ये बसवा. अपवाद एवढाच की फिल्म काचेला चिकटलेली असेल तर ओढू नका. काचेसकट स्कॅन करा, वर्तुळांसकट.

निगेटिव्हच्या पट्ट्या थेट काचेवर ठेवल्यावरही हीच वर्तुळं येतात. तिथे मंद बाजू, म्हणजे इमल्शन, काचेकडे केलं की ती बरीच कमी होतात. फक्त चित्र आरशातल्यासारखं उलटं येईल, ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये सुलट करायचं. सुलट झालं की नाही हे ओळखायला दुकानाची पाटी किंवा गाडीचा नंबर शोधा. तेही नसेल तर पदर बघा, आपल्या बायकांचा डाव्या खांद्यावर असतो. शेजारच्या गुजराती काकूंवरून मात्र ठरवायला जाऊ नका. पुरुषांच्या शर्टाचा खिसाही कामाला येतो.

सॉफ्टवेअरने चेहरे का वितळतात

चांगल्या फिल्म स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने, धूळ ओळखायची सोय असते. रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतात, पण धूळ आणि ओरखडे त्याला अडवतात. म्हणून मशीन एक जादा फेरी इन्फ्रारेडची मारतं, तिच्यात जे काळं दिसेल तो कचरा समजतं आणि आजूबाजूच्या रंगाने भरून काढतं. रंगीत स्लाइडवर हे झकास चालतं. विकत घेताना नीट विचारून घ्या: प्लसटेकच्या ऑप्टिकफिल्म ८१०० मध्ये ही सोय नाही, ८२००आय मध्ये आहे, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

काळ्या-पांढऱ्या फिल्मचं चित्र मात्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. पूर्व जर्मनीची ओर्वो असो की उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू, मशीनच्या दृष्टीने अख्खं लग्न म्हणजे कचरा! ते मन लावून साफ करतं आणि नवऱ्यामुलाच्या मुंडावळ्या गालात विरघळतात. तिथे इन्फ्रारेड बंद. कोडॅक्रोमवरही, म्हणजे कोडॅकच्या जुन्या रंगीत स्लाइड फिल्मवर, हा पर्याय भरवशाचा नाही. कोडॅक्रोम ओळखायला माउंटवरचं नाव बघा, किंवा इमल्शनची बाजू तिरप्या प्रकाशात धरा: चित्राला उठाव दिसतो, कोरल्यासारखा.

इन्फ्रारेड नसलेला, नुसता धूळ काढण्याचा जो पर्याय असतो तो अंदाजपंचे काम करतो. छोटं आणि उठून दिसणारं काहीही त्याला धूळ वाटतं, त्यात कुंकवाची टिकली आणि नाकातली चमकीही आली. माझं मत विचाराल तर तो कायम बंद ठेवावा. मूळ स्कॅन टिफ फाइलमध्ये, डागांसकट जपून ठेवा आणि त्याच्या प्रतीवर सॉफ्टवेअरमधल्या हीलिंग ब्रशने (आजूबाजूच्या रंगाने डाग झाकणाऱ्या साधनाने) एकेक डाग हाताने काढा. तोही सगळ्या स्लाइड्सवर नको, ज्या फ्रेम करून भिंतीवर लावणार असाल तेवढ्यांवरच.

डीपीआय, म्हणजे दर इंचाला किती ठिपके टिपायचे तो आकडा, वाढवून डाग जात नाहीत, उलट जास्त ठळक दिसतात. ३५ मिमी स्लाइडवरचं चित्र २४ × ३६ मिमी असतं. ४००० डीपीआयला त्याचे सुमारे २१ मेगापिक्सेल होतात, कुटुंबाच्या कामाला ते भरपूर आहेत. फ्लॅटबेडच्या खोक्यावर ६४०० लिहिलेलं असलं तरी त्याची लेन्स तेवढा तपशील पकडत नाही, फक्त फाइल फुगते.

कॅमेऱ्याने स्लाइड टिपत असाल तर

स्कॅनरऐवजी कॅमेऱ्याला मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स आणि खाली एलईडी पॅनेल ही पद्धत वेगवान आहे, पण तिचे डाग वेगळे. चित्रावर आडवे फिकट-गडद पट्टे येत असतील तर पॅनेल लुकलुकतंय. शटर १/५० सेकंद किंवा त्याहून संथ करून बघा, नाहीतर पॅनेल बदला. स्लाइडखाली टॅबलेट ठेवला असेल तर त्याचे पिक्सेल बारीक जाळीसारखे दिसतात. स्लाइड काही सेंटिमीटर वर उचला आणि मध्ये दुधी ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा. घर रुळांलगत असेल तर लोकल जाताना शटर दाबू नका, टायमर लावा आणि गाडी जाऊ द्या. पंखा बंद करा. उकडेल, पण पंख्याच्या पात्यांवरची सगळी धूळ अखेर स्लाइडवरच उतरते.

कागदी फोटोंचे डाग

यांच्यात सगळ्यात चिवट तक्रार रेशमी कागदाची. एके काळी स्टुडिओत हौसेने रेशमी किंवा जाळीदार पोताचा कागद घेत, बोटांचे ठसे कमी दिसतात म्हणून. स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो, पोताच्या प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि अख्ख्या चित्रावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी येते. फोटो १८० अंश फिरवून दुसरा स्कॅन घ्या, सुलट करून पहिल्यावर ठेवा आणि वरचा थर ५० टक्के पारदर्शक करा. सावल्या परस्परविरुद्ध पडलेल्या असतात, त्यामुळे जाळी बरीचशी मावळते. दोन्ही स्कॅन अचूक जुळवावे लागतात, म्हणून वेळकाढू काम आहे. मोजक्या फोटोंसाठीच करा.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही. काच पुसा आणि काचेतूनच स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममध्येही आधी अख्खं पान स्कॅन करून ठेवायचं, मग डेंटल फ्लॉसचा दोरा फोटोखालून करवतीसारखा सावकाश फिरवून फोटो सुटतोय का बघायचं. फोटोचा कोपरा वाकायला लागला की सोडून द्या. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा, भिजलेले आणि तसेच वाळलेले अल्बम अजून कित्येक घरांत वीट होऊन पडले आहेत. त्यांच्याशी घरी झटापट नको. वरचा दिसतो तेवढा फोटो स्कॅन करा आणि गठ्ठा कागदाच्या संवर्धकाला दाखवा.

पुढच्या पावसाळ्यात नवे डाग येऊ नयेत म्हणून

स्वच्छ करून स्कॅन केलेल्या स्लाइड्स परत त्याच पुठ्ठ्याच्या खोक्यात, त्याच माळ्यावर ठेवल्या तर बुरशी पुन्हा येणारच. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यात तिचं बी मुरलेलं असतं, त्यामुळे ते आधी फेकून द्या. नवा घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की निश्चिंत. निळं जेल गुलाबी झालं, म्हणजे ते ओल पिऊन बसलं. ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवलं की पुन्हा निळं होतं, पण जेवणाची भांडी त्यासाठी वापरू नका. डांबरगोळ्या टाकायची आपल्याकडे सवय आहे. त्या किड्यांसाठी असतात, बुरशीवर त्यांचा उपयोग नाही. स्लाइड्सच्या पानांसाठी पॉलिप्रॉपिलीनचे पारदर्शक कप्पे घ्या, वास येणारं मऊ पीव्हीसी टाळा.

डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, पावसाचा मारा जिकडून येतो त्या बाजूला तर नकोच. भर पावसात डबा उघडूही नये, कारण एकदा उघडला की आतली सगळी कोरडी हवा गेली. साफसफाई आणि स्कॅनिंग दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करावं.

डबा उघडल्यावर कुबट वासाऐवजी आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर प्रकरण वेगळं आहे. ती बुरशी नाही, फिल्मचा ॲसिटेटचा पायाच कुजतोय. ती फिल्म आक्रसते, वळते, आणि तिच्यातून सुटणारं आम्ल बाजूच्या फिल्मलाही बाधतं. ते थांबवता येत नाही, थंड आणि कोरड्या जागी फक्त लांबवता येतं. अशा फिल्म्स लगेच वेगळ्या करा, घट्ट डब्यात कोंडू नका, आणि स्कॅनच्या रांगेत त्यांना पहिला नंबर द्या, मग त्यांच्यावर डाग असोत नसोत.